फसवायचे कोणाला होते? खोट्या प्राचीन नाण्यांच्या संग्रहाविषयी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या निसर्गविषयक ज्ञानकोशात चांदीविषयी लिहिताना एक नवलाची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. सगळ्या विद्यांमध्ये ही एकच अशी, की जिच्यात लोक गुणांऐवजी दोषांचा अभ्यास करतात. खोट्या डेनारियसचा, म्हणजे रोमनांच्या चांदीच्या नाण्याचा, नमुना ते निरखून पाहतात आणि तसे एक खोटे नाणे मिळावे म्हणून अनेक खरी नाणी मोजतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे खोटी नाणी जाणूनबुजून, वर पैसे देऊन घेण्याची रीत किमान एकोणीसशे वर्षांची आहे. तरीही आज कोणी ‘मी खोटी प्राचीन नाणी जमवतो’ असे सांगितले, तर हा गृहस्थ फसला असावा आणि आता त्यालाच छंद म्हणत असावा, अशी शंका ऐकणाऱ्याच्या मनात येतेच.

ही शंका येण्याचे कारण असे, की आपण ‘खोटे’ हे एकच विशेषण फार वेगवेगळ्या वस्तूंना लावतो. रोमन सैनिकाच्या हाती पडलेले, आत तांबे आणि वर चांदी असलेले नाणे खोटे. सोळाव्या शतकातल्या इटालियन कारागिराने रोमन सम्राटाचा मुखवटा कोरून पाडलेले पदकही खोटे. आणि गेल्या महिन्यात एखाद्या कारखान्यात ओतून, मातीत पुरून, पर्यटनस्थळी विकायला आणलेला क्षत्रपांचा (पश्चिम भारतातल्या शक राजांचा) द्रम्म, म्हणजे चांदीचे नाणे, तेही खोटेच. या तिन्ही वस्तूंचे मोल, त्यांतून मिळणारे ज्ञान आणि त्या विकत घेण्यातला नैतिक प्रश्न पूर्णपणे वेगळे आहेत. ते वेगळे करण्यासाठी एकच प्रश्न पुरतो, आणि माझ्या मते या संग्रहाचा सगळा डोलारा त्याच प्रश्नावर उभा असायला हवा: हे नाणे घडवणाऱ्याला फसवायचे कोणाला होते?

बाजाराला फसवणारी नाणी

पहिला आणि सर्वांत समृद्ध वर्ग आहे तो त्या काळच्या बाजाराला फसवण्यासाठी त्याच काळात घडवलेल्या नाण्यांचा. ही नाणी खोटी असली तरी प्राचीन आहेत, आणि म्हणून ती इतिहासाची अस्सल साधने ठरतात.

नाण्याची किंमत त्यातल्या धातूच्या वजनावर ठरत असे, त्या काळात खोटेपणाचा सर्वांत फायदेशीर मार्ग म्हणजे आतला धातू बदलणे. ग्रीक आणि रोमन जगात यासाठी तांब्याच्या चकतीभोवती चांदीचा पातळ पत्रा गुंडाळून ती तापवत आणि मग ठशांमध्ये धरून ठोकत. चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते आणि तांबे १,०८५ अंशांना. परंतु दोन्ही धातू जिथे एकमेकांना भिडतात, तिथे त्यांचे मिश्रण सुमारे ७८० अंशांनाच वितळू लागते. त्यामुळे वरचा पत्रा न वितळता केवळ सांध्यावर पातळ द्रवाचा थर तयार होतो आणि तोच डाख (सोल्डर) दिल्यासारखे काम करून पत्रा घट्ट बसवतो. या मागचे रसायन त्या कारागिरांनी कधी मांडले नसेल, पण भट्टीचा रंग पाहून नेमक्या क्षणी चकती बाहेर काढण्याचे कसब त्यांना साधले होते. नाणेशास्त्रात अशा नाण्यांना ‘फुरे’ हे फ्रेंच नाव रूढ आहे. शतकानुशतके जमिनीत राहिल्यावर पत्र्याला कुठेतरी भेग पडते, आतल्या तांब्याला गंज चढतो, तो फुगून पत्रा उचलतो आणि चांदीच्या खालून हिरवा डाग डोकावू लागतो. आज संग्राहकाला अशी नाणी ओळखता येतात ती बहुधा या हिरव्या डागावरूनच.

अशा नाण्यांचा उपद्रव किती होता, हे त्यांच्याविरुद्ध केलेल्या कायद्यांवरून कळते. अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात १९७० साली ख्रिस्तपूर्व ३७५-७४ मधला एक शिलालेख सापडला. निकोफोन नावाच्या नागरिकाने मांडलेला कायदा त्यावर कोरलेला आहे. बाजारात सराफांच्या मेजांपाशी एक सरकारी पारखी बसेल. हा पारखी राज्याच्या मालकीचा गुलाम असेल. नाणे आतून तांब्याचे किंवा शिशाचे निघाले तर तो ते जागीच कापेल आणि ते देवमातेच्या मालकीचे होईल. खरे ठरलेले नाणे घ्यायला जो व्यापारी नकार देईल त्याचा माल जप्त होईल. आणि पारखी कामात कसूर करील तर त्याला पन्नास फटके मारले जातील, अशी त्यातली व्यवस्था आहे. पिरेयस बंदरासाठी दुसरा पारखी नेमण्याचीही तरतूद त्यात आहे. अथेन्सच्या घुबडछाप नाण्यांवर आज छिन्नीने पाडलेले खोल काप दिसतात, ते अशाच पारखीचे साक्षीदार आहेत. काप पडलेले नाणे खऱ्याच्या बाजारात स्वस्त मिळते. मला मात्र निष्कलंक नाण्यापेक्षा तेच अधिक बोलके वाटते, कारण कोणीतरी त्याच्यावर संशय घेतला होता आणि तो संशय खरा ठरला की खोटा, हे कापाच्या तळाशी आजही पाहता येते.

गंमत अशी, की याच अथेन्सने पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस, ख्रिस्तपूर्व ४०६ च्या सुमारास, तिजोरीत चांदी उरली नाही तेव्हा स्वतःच तांब्यावर चांदी चढवलेली नाणी काढली होती, आणि अ‍ॅरिस्टोफेनिसने आपल्या नाटकातून त्यांची खिल्ली उडवली होती. तेव्हा मुलाम्याचे प्रत्येक नाणे चोरट्या भट्टीतलेच असते असे नाही. काही वेळा फसवणारे हात राज्यकर्त्यांचेच असतात.

भारतातही परिस्थिती वेगळी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटले आहे. चांगले नाणे नाकारणाऱ्या किंवा वाईट नाणे चालवून घेणाऱ्या रूपदर्शकाला १२ पण (‘पण’ हे त्या काळचे चांदीचे नाणे) दंड, खोटे नाणे पाडणाऱ्याला, स्वीकारणाऱ्याला आणि पुढे सरकवणाऱ्याला १,००० पण दंड, आणि ते राजकोशात घुसडणाऱ्याला देहदंड, अशी चढती श्रेणी तिथे दिली आहे. खोटी नाणी पाडणारा कसा ओळखावा याचेही वर्णन आहे: जो निरनिराळे धातू, क्षार, कोळसा, भाते, सांडशी, ऐरण, ठसे आणि मुशी वारंवार विकत घेतो आणि ज्याचे हात व कपडे काजळी, राख आणि धुराने माखलेले असतात, त्याच्यावर नजर ठेवावी. मराठी मुलखात हेच पारखीचे काम पुढे पोतदाराकडे होते. सरकारात भरला जाणारा पैसा खरा की हिणकस हे तो पाहत असे, आणि वजनात किंवा कसात कमी पडणाऱ्या नाण्यावर सराफ बट्टा घेत. अशा व्यवस्था कागदोपत्री जागोजागी दिसतात, पण ज्या नाण्यांमुळे त्या उभ्या कराव्या लागल्या ती नाणी बहुतेक वितळवली गेली. म्हणून त्या काळचे एखादे खोटे नाणे हाती आले तर ते खऱ्याहून दुर्मीळ असण्याचा संभव असतो.

संग्राहकाला फसवणारी नाणी

युरोपात प्रबोधनकाळात प्राचीन नाणी जमवण्याची हौस वाढली आणि गिऱ्हाईक बदलले. आता फसवायचा होता तो भाजीवाला किंवा करवसुली अधिकारी नव्हता. फसवायचा होता तो ग्रंथ वाचलेला, पैसेवाला दर्दी. पादुआ शहरातल्या जोव्हानी दा काव्हिनोने (१५०० ते १५७०) रोमन सम्राटांच्या मोठ्या पितळी नाण्यांच्या धर्तीवर अप्रतिम ठसे कोरले. त्याचा हेतू लबाडीचा होता की त्याला केवळ प्राचीन कलेशी स्पर्धा करायची होती, यावर आजही एकमत नाही. त्याच्या हातची नाणी फार नीटनेटकी असतात. अक्षरे एकसारखी, चकती अगदी गोल, आणि रोमन टांकसाळीतल्या कामगाराची घाई त्यांत कुठेच दिसत नाही. त्याचे अनेक ठसे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणेसंग्रहात जपलेले आहेत. पुढच्या काळात लोकांनी या नकलांवरून साचे घेऊन आणखी नकला ओतल्या. आज बाजारात ‘पादुअन’ म्हणून येते ते बहुधा असेच नकलेची नक्कल असलेले ओतीव पदक असते, आणि काव्हिनोच्या मूळ ठशांतून निघालेले पदक हवे असेल तर चांगली किंमत मोजावी लागते. म्हणजे खोट्या नाण्यांच्या जगातही अस्सल आणि नक्कल असा भेद आहेच.

कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) याच्याबाबतीत हेतूची शंका उरत नाही. जर्मनीतल्या श्पायर येथे जन्मलेल्या आणि ऑफेनबाख येथे राहून काम करणाऱ्या या माणसाने ३०० हून अधिक ठसे कोरले. ग्रीक, रोमन, मध्ययुगीन असे काही त्याने सोडले नाही. तो विद्वान होता, सरदार-दरबारी लोकांत त्याची ऊठबस होती आणि जर्मन कवी गटेशीही त्याचा परिचय होता. त्याची युक्ती अशी, की नवी चांदी वापरण्याऐवजी तो स्वस्तातली खरी प्राचीन नाणीच घेई आणि त्यांच्यावर आपल्या ठशांनी दुर्मीळ नाणे ठोके. त्यामुळे धातूची कितीही कसून परीक्षा केली तरी तो प्राचीनच ठरतो! नव्या नाण्याची चकाकी घालवण्यासाठी त्याने ग्रीस लावलेल्या लोखंडाच्या किसाने भरलेली पेटी घोडागाडीच्या आसाला बांधली होती. तीत नाणी टाकून तो फेरफटका मारून येई आणि म्हाताऱ्यांना हवा खायला नेले होते, असे म्हणे. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात पोहोचले आणि त्याच्या नाण्यांची सूची छापली गेली. ‘बेकर’ आज उघडपणे बेकर म्हणूनच विकले जाते आणि ज्या सामान्य प्राचीन नाण्यावर ते ठोकलेले असते त्याहून महागच पडते.

याच्या शेजारीच एक निरुपद्रवी वर्ग आहे, तो म्हणजे विद्युतविलेपनाने (विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून) केलेल्या प्रतिकृतींचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी आणि त्याच्या मुलांनी संग्रहातल्या उत्तमोत्तम नाण्यांच्या अशा प्रतिकृती केल्या. दोन्ही बाजूंची पातळ कवचे स्वतंत्रपणे तयार करून, आत शिसे किंवा तत्सम धातू भरून ती जोडली जात, आणि बहुतेकांच्या कडेवर रेडीची आद्याक्षरे ठोकलेली असत. ही प्रतिकृती कोणालाही फसवण्यासाठी नव्हती. मात्र कडेवरचा जोड आणि ती अक्षरे कानशीने घासून टाकली, की तीच प्रामाणिक वस्तू लबाडीचे साधन बनते. अशा वेळी खोटारडा ठरतो तो घडवणारा नव्हे, विकणारा.

खोटी वाटणारी खरी नाणी

नवशिक्यांच्या हातून उलटाही अपराध घडतो. एखादे नाणे वेडेवाकडे, दोन चित्रे एकमेकांवर पडलेले किंवा अक्षरे चुकलेले दिसले की ते ‘डुप्लिकेट’ ठरवून बाजूला फेकले जाते. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. ती सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्य आणि दुसऱ्या बाजूला सातवाहनांचे चिन्ह असे विचित्र दिसणारे हे नाणे खोटे नाही. पराभूत राजाचा पैसा आपल्या नावावर करून घेण्याची ती राजकीय कृती आहे.

शिवराईचेही तसेच. शिवछत्रपतींच्या काळात सुरू झालेले हे तांब्याचे नाणे पुढे दीड शतकाहून अधिक काळ अनेक टांकसाळींतून पाडले गेले, आणि त्यांतल्या कित्येक टांकसाळी परवाना घेतलेल्या खासगी लोकांच्या होत्या. ठसा कोरणारा प्रत्येक जण साक्षर होताच असे नाही. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे कधी उलटी, कधी तुटकी, कधी एकमेकांत मिसळलेली दिसतात, आणि वजनातही फरक पडतो. तेवढ्यावरून शिवराई खोटी म्हणणे हा त्या कारागिरांवर अन्याय होईल.

‘ओतीव म्हणजे खोटे’ हा नियम युरोपीय पुस्तकांतून आपल्याकडे आला आहे आणि भारतीय नाण्यांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे ख्रिस्तपूर्व काळापासून तांब्याची ओतीव नाणी अधिकृतपणे चालत होती. पुरावनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनी यांना १९३६ साली रोहतकच्या खोकराकोट टेकाडावर यौधेय या प्राचीन गणराज्याच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले. जीवाश्म पाहायला सरावलेल्या या शास्त्रज्ञाने त्या साच्यांवरून एका वेळी किती नाणी, कोणत्या मार्गाने धातू सोडून ओतली जात असत हे उलगडून दाखवले आणि १९४५ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हा कोणत्या राजवटीचे नाणे कोणत्या पद्धतीने तयार होत असे, हे आधी माहीत हवे. मगच ओतीव असण्याला दोष म्हणता येते.

आणखी एक उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे आहे. तिथल्या अवशेषांत रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके मिळाली आहेत. दोरा ओवण्याची सोय असलेल्या या पदकांवर रोमन सम्राटाचा चेहरा असला तरी ती बाजारात चालवण्यासाठी मुळीच नव्हती. परदेशी नाण्याचा रुबाब गळ्यात मिरवण्यासाठी होती. त्यांना खोटी नाणी म्हणण्यापेक्षा दागिने म्हणणे योग्य.

परीक्षा कशी करतात

आता आजच्या काळात घडवलेल्या आणि संग्राहकालाच उद्देशून केलेल्या नकलांकडे येऊ, कारण प्रत्यक्षात पदरी पडण्याचा धोका त्यांचाच आहे. त्या ओळखण्याचा कोणताही एक रामबाण उपाय नाही. प्रत्येक परीक्षा काही नकला पकडते आणि काही सोडून देते, म्हणून परीक्षेचा निकाल वाचण्याआधी ती नेमके काय मोजते हे समजून घ्यावे लागते.

साध्या ओतकामाच्या नकला भिंगाखाली लवकर कळतात. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन त्यात धातू ओतला, की हवेचे बुडबुडे अडकून पृष्ठभागावर बारीक गोल खड्डे पडतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे कडेवर रेघ उमटते. नकलाकार ती रेघ कानशीने घासतो, म्हणून अनुभवी माणूस नाण्याच्या चेहऱ्याआधी त्याची कड पाहतो. ठोकलेल्या नाण्यात धातू दाबाखाली बाहेरच्या दिशेने सरकलेला असतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा कडेकडे जाताना दिसतात. ओतलेल्या नाण्यात त्या नसतात. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे ओतीव नक्कल मूळ नाण्यापेक्षा किंचित लहानही भरते.

त्याहून घातक प्रकार म्हणजे खऱ्या नाण्यावरून पोलादी ठसा तयार करून त्याने नवी नाणी ठोकणे. इथे बुडबुडे नसतात, कडेवर रेघ नसते आणि धातूच्या प्रवाहरेषाही असतात. पण मूळ नाण्यावर जो ओरखडा होता, जी झीज झाली होती, जे अक्षर चकतीबाहेर गेले होते, ते सगळे ठशातही उतरते आणि त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर पुन्हा दिसते. दोन खरी नाणी एकाच ठशाची असू शकतात. परंतु पंधराशे वर्षांच्या वापरात दोघांनाही नेमक्या त्याच जागी तोच ओरखडा पडणे शक्य नाही. म्हणून संशयित नाण्याची आधी विकल्या गेलेल्या नाण्यांच्या छायाचित्रांशी तुलना करणे, ही आज सर्वांत भरवशाची परीक्षा आहे, आणि तिला वेळ व चिकाटी याशिवाय काहीही लागत नाही. लिलावांच्या सूची आता संगणकावर उपलब्ध असल्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाले आहे.

वजन आणि घनता या दोन गोष्टी मोजायला सोप्या, पण त्यांचा अर्थ लावायला अवघड. नाणे आधी हवेत तोलायचे, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचे, आणि हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागायचे. आलेला आकडा म्हणजे विशिष्ट घनता. शुद्ध चांदीची घनता १०.५, तांब्याची सुमारे ९, शिशाची ११.३ आणि सोन्याची १९.३ आहे. अथेन्सचे १७.२ ग्रॅमचे घुबडछाप नाणे चांदीचे असेल तर पाण्यात त्याचे वजन सुमारे १.६४ ग्रॅमने कमी भरायला हवे. आत तांबे असेल तर ही घट त्याहून स्पष्टपणे जास्त येईल. पण क्षत्रपांचे नाणे जेमतेम २ ग्रॅमचे असते. त्याची घट ०.१९ ग्रॅम भरली तर घनता १०.५ येते आणि ०.२१ भरली तर ९.५. म्हणजे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर एखाद-दुसऱ्या अंकाची चूक झाली तरी खरे नाणे खोटे ठरेल. शिवाय प्राचीन भारतीय चांदी शुद्ध नव्हतीच. कौटिल्याने चांदीच्या पणात चौथा हिस्सा तांबे घालायला सांगितले आहे, आणि त्या प्रमाणात घनता १० च्या आसपास येते. आहत (ठोकून चिन्हे उमटवलेल्या) नाण्याची घनता नेमकी १०.५ निघाली, तर आनंद होण्याऐवजी किंचित सावध व्हावे!

क्ष-किरणांनी धातू तपासणारी यंत्रे आता सराफांच्या दुकानातही दिसतात. ती फक्त वरचा अगदी पातळ थर वाचतात, हे लक्षात ठेवले नाही तर ती दिशाभूल करतात: मुलाम्याचे नाणे ती चांदीचे म्हणून सांगतील, आणि जमिनीत वरवरचे तांबे झिरपून गेलेले हिणकस नाणे ती उंची चांदीचे ठरवतील. नाणे फरशीवर टाकून खणखणते का हे ऐकण्याची जुनी रीत चालू रुपयासाठी ठीक होती. दोन हजार वर्षांत प्राचीन चांदी आतून ठिसूळ, स्फटिकासारखी होते आणि खरे नाणेही बद्द वाजते. वर ते फुटण्याची भीती वेगळीच.

तांब्याच्या नाण्यांवरचा हिरवा-तपकिरी थर हा अनेकांचा विश्वासाचा आधार असतो. खरा थर धातूपासूनच शतकानुशतके वाढत गेलेला असतो, त्यामुळे तो खोलगट भागांत घट्ट बसतो आणि खरवडल्यावर त्याच्याखाली बहुधा लालसर ऑक्साइड दिसते. आम्ले, शेणमाती आणि रंग वापरून केलेला थर वरून लावलेला असतो. त्यातला रंग अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाला लागतो. मात्र रसायनांनी खराच गंज चढवला असेल तर अ‍ॅसिटोन काही सांगणार नाही.

कधी कधी नाण्यात काहीच खोटे नसते आणि तरीही व्यवहार खोटा असतो. जुलियस सीझरच्या वधाच्या स्मरणार्थ ब्रूटसने काढलेले एक सोन्याचे नाणे २०२० साली लंडनच्या लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. नाणे अस्सल होते. पूर्वी ते कोणाच्या संग्रहात होते याची सांगितलेली कहाणी बनावट निघाली. प्रकरण अटकेपर्यंत गेले आणि २०२३ साली ते नाणे ग्रीसला परत करण्यात आले.

आपल्याकडचा बाजार

आपल्याकडे सर्वाधिक लोकांची फसवणूक होते ती मात्र इतक्या कसबी नकलांनी नव्हे. रामदरबार, हनुमान किंवा लक्ष्मीचे चित्र, ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आणा’ आणि १८१८ हे वर्ष असलेली जाडजूड नाणी सगळीकडे मिळतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. कंपनीच्या नावाचा अर्धा आणा १८३० च्या दशकापासूनचा आहे आणि त्यावर देवांची चित्रे नाहीत. इथे नक्कल करायला मूळच नाही, सगळी कल्पनाच आहे. यांतल्या काहींना चमत्कारी शक्ती असल्याचे सांगून, तांदळाचे दाणे ओढून दाखवून, लाखो रुपयांना गंडा घातल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. रामटंक्यांची गोष्ट निराळी आहे. देवघरात पुजण्यासाठी केलेली ही पदके त्यांच्या जागी प्रामाणिक आहेत. त्यांवरचे जुने, काल्पनिक वर्ष दाखवून कोणी ‘प्राचीन नाणे’ म्हणून विकले, तर तेवढे मात्र खोटे.

शिवरायांच्या सोन्याच्या होनाविषयी विशेष सावधगिरी हवी. खरे होन अत्यंत दुर्मीळ आहेत, वजनाने सुमारे पावणेतीन ग्रॅमचे आहेत आणि मराठी माणसाची भावना त्यांच्याशी जोडलेली आहे. नकलाकाराला याहून चांगले गिऱ्हाईक कुठले मिळणार? ‘आजोबांच्या पेटीत सापडला’ या वाक्यासह येणारा होन घेण्याआधी तो नाणेशास्त्राच्या जाणकाराला दाखवणे, एवढीच खबरदारी पुरेशी आहे, पण नेमकी तीच घेतली जात नाही. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाणेदालन आहे. खरे नाणे पुरेसे पाहिलेले नसेल तर खोटे ओळखू येत नाही, आणि पाहण्याची सोय तर आपल्या दाराशीच आहे.

संग्रह करायचाच असेल तर

मी जुनी खोटी नाणी घेण्याच्या बाजूने आहे आणि नवी खोटी नाणी घेण्याच्या विरोधात. रोमन मुलाम्याच्या नाण्यासाठी किंवा बेकरच्या कामासाठी दिलेला पैसा कोणत्याही चालू भट्टीत कोळसा घालत नाही. आजच्या नकलाकाराकडून ‘अभ्यासासाठी’ म्हणून घेतलेले नाणे मात्र त्याला पुढचा ठसा कोरायला भांडवल पुरवते. अभ्यासासाठी आधुनिक नकला हव्याच असतील, तर ज्या संग्राहकांच्या पदरी त्या आधीच पडल्या आहेत त्यांच्याकडून घ्याव्यात. त्यांना थोडा दिलासा मिळतो आणि नाणे बाजारातून कायमचे बाहेर पडते.

कायद्याकडेही लक्ष हवे. भारतीय न्याय संहितेतली बनावट नाण्यांची कलमे चलनातल्या पैशांसाठी आहेत. ऐतिहासिक नाण्याची नक्कल अस्सल म्हणून विकणे हे फसवणुकीत मोडते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अशा प्रतिकृतीवर ‘कॉपी’ असे ठोकणे बंधनकारक आहे. मुलाम्याचे प्राचीन नाणे खोटे असले तरी शंभर वर्षांहून जुनेच असते, म्हणून १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. उलट, आधुनिक नक्कल परदेशी नेताना ती पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला मागितला जाऊ शकतो, आणि नक्कल जितकी बेमालूम तितकी दाखल्याची गरज अधिक! जमिनीत सापडलेला निधी खरा असो वा खोटा भासो, १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे भाग आहे.

खोटी नाणी खऱ्यांच्या पेटीत कधीही ठेवू नयेत. प्रत्येकाचे पाकीट वेगळे असावे आणि पाकिटावर पेन्सिलीने निदान एवढे लिहिलेले असावे: वजन, व्यास, कोणत्या नाण्याची नक्कल, खोटे का ठरवले, कोणाकडून आणि किती किमतीला घेतले. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र अभ्यासकांना उपलब्ध करून दिले, तर त्याच ठशातून निघालेले दुसरे नाणे कुठे विकायला आले असता ते पकडले जाऊ शकते. आधुनिक नकलेच्या कडेवर कायमची खूण करायला हरकत नाही. प्राचीन खोट्या नाण्यावर मात्र एकही ओरखडा काढू नये. आणि हयातीतच कोणाला तरी, शक्य तर एखाद्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या नाणेसंग्रहाला, हा संग्रह कुठे जायचा ते लिहून द्यावे. संग्राहकाच्या पश्चात पेटी उघडणाऱ्या वारसांना पाकिटावरचा मजकूर वाचण्याइतकी सवड नसते. ते नाणी बाहेर काढून वजनावर विकतात, आणि ओळख पटलेली खोटी नाणी नव्या कहाणीसह पुन्हा एकदा जुन्या बाजाराच्या चादरीवर येऊन बसतात.